ॲनिमल हाऊसमध्ये आजार शिरतो कुठून? नाशिककरांचे अनुभव हवेत

सोनचाफा
नमस्कार मंडळी. नाशिकजवळच्या एका फार्मसी कॉलेजचं ॲनिमल हाऊस, म्हणजे प्रयोगांसाठीची जनावरं ठेवायची जागा, मी सांभाळते. विस्टार रॅट (मोठ्या पांढऱ्या उंदरांची जात), स्विस अल्बिनो उंदीर, थोडे गिनी पिग आणि ससे, एवढाच पसारा. गेल्या आठवड्यापासून रॅटच्या खोलीत शांतपणे उभं राहिलं की नाकातून खरखर ऐकू येते. काहींच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात आणि नाकाभोवती लालसर पपडी, अंगावरचे केस विस्कटलेले. एकाची मान एका बाजूला कलली आहे.

नवी बॅच भर पावसात आली. वेगळी खोली रिकामी नव्हती म्हणून ती थेट जुन्यांच्या खोलीत ठेवली गेली. माझा आक्षेप तेव्हा लेखी नोंदवला होता, पण वरून निर्णय आला. आता एम.फार्म.च्या एका मुलीचा प्रयोग याच रॅटवर सुरू व्हायचा आहे: वनस्पतीचा अर्क देऊन पंजाची सूज किती उतरते ते मोजायचं. तिचे गाइड म्हणतात, 'पाण्यात डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक घाला, चार दिवसांत ठीक होतील, तारीख पुढे ढकलू नका.' मला हे अजिबात पटत नाही. आत्ता काय करावं आणि पुढे असं होऊ नये म्हणून काय करावं, दोन्ही सांगा. मोठं बजेट नाही हे धरून सांगा.

मिसळप्रेमी_सातपूर
शीर्षक वाचून घरातले उंदीर घालवायचं औषध मिळेल म्हणून आलो होतो. इथे तर उंदरांना औषध द्यायचं की नाही यावर चर्चा! बसतो, वाचतो.

पशुवैद्य_निफाड
सोनचाफाताई, तुम्ही अडून राहा.

आधी त्या लाल पपडीबद्दल. ते रक्त नाही. रॅटच्या डोळ्यामागे हार्डेरियन ग्रंथी असते, तिच्या स्रावात पॉर्फिरिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं. खात्री करायची तर ओल्या पांढऱ्या गॉजने पुसा आणि अंधारात गॉजवर नोटा तपासायचा अतिनील दिवा धरा, डाग गुलाबी-लाल चमकतो. पण एवढ्यावरून निदान होत नाही. प्रवास, गर्दी, थंडी, आजार, कशानेही ताण आला की हे अश्रू येतात.

खरखर आणि कललेली मान हे मात्र एकत्र दिसलं की मायकोप्लाझ्मा पल्मोनिसचा संशय पहिला. हा जंतू नाकातून मधल्या कानात जातो, तिथे पू होतो, तोल जातो आणि मान कलते. जबड्याखाली सूज असेल तर सियालोडॅक्रिओॲडेनायटिस नावाचा रॅटचा एक कोरोनाव्हायरसही डोक्यात ठेवा. हाताने चाचपून बघा, गळ्याखाली दोन्ही बाजूंना भरल्यासारखं लागतं.

डॉक्सीने खरखर कमी होईल, जंतू जाणार नाही. तो आईकडून पिल्लाकडे जातो, गर्भातही जातो, आणि वरून निरोगी दिसणारं जनावर महिनोन्‌महिने तो बाळगतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ती त्या गाइडना जरूर सांगा: डॉक्सीसायक्लिनला स्वतःचाच दाहशामक परिणाम आहे. ज्या प्रयोगात सूज उतरते का हेच मोजायचं, त्यात हे औषध पाण्यात घातलं तर सूज अर्काने उतरली की डॉक्सीने, हे परीक्षकांना कोण सांगणार? आणि फुप्फुसात आधीच दाह असलेल्या जनावराच्या पंजाची सूज मोजून तरी काय हाती लागणार?

आत्ता लगेच: खोली बंद. तिथून एकही जनावर, केज, बाटली बाहेर नाही आणि नवं काही आत नाही. अटेंडंटने तिथे दिवसाच्या शेवटी जायचं, नंतर दुसऱ्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. सगळ्यात आजारी दोघा-तिघांना मान्य पद्धतीने, वेदना न देता मरण देऊन शवविच्छेदन करा, फुप्फुस आणि मधला कान बघा. नाक-घशाचे स्वॅब पीसीआरला पाठवा. आणि जुन्या बॅचमधलेही काही तपासा. सगळं खापर नव्यांवर फोडण्याआधी आजार आधीपासून इथेच नव्हता ना, हे कळायला हवं.

मृण्मयी_गंगापूररोड
डॉक्सीचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. वाचनखूण साठवली.

सिन्नरकर
मी एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबच्या ॲनिमल हाऊसमध्ये बरीच वर्षं आहे. निफाडच्या डॉक्टरांशी सहमत, फक्त एक भर. विस्टार पुन्हा विकत मिळतात. पीसीआर पॉझिटिव्ह आला तर त्या खोलीतल्या एकेका जनावराची चाचणी करून निवडत बसू नका. खोली पूर्ण रिकामी करा, धुवा, निर्जंतुक करा, कोरडी ठेवा, मग नवी बॅच आणा. 'हे दहा बरे दिसतात, हे ठेवू' इथेच घोळ होतो.

आता पुढचं. आजार आत येण्याच्या वाटा मोजक्या आहेत: नवी जनावरं, माणसं, बेडिंग (केजमध्ये अंथरायचा भुसा-तूस) आणि खाद्य, बाहेरचे उंदीर-घुशी, आणि जिच्याकडे कोणी बघत नाही ती वाट म्हणजे टोचायचं द्रव्य. सीरम, पेशी, ट्यूमर लाइन हे सगळं प्राण्यांतूनच आलेलं असतं. अमेरिकेत १९९५ साली उंदरांच्या देवीची, म्हणजे एक्ट्रोमेलियाची साथ एका संस्थेत आली ती विकत घेतलेल्या उंदराच्या सीरममधून. दारं-खिडक्या सगळं बंद होतं, रोग बाटलीतून आला.

क्वारंटाईनला पर्याय नाही. आपल्याकडच्या प्राणी-प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी समितीच्या, म्हणजे सीपीसीएसईएच्या (आता नाव सीसीएसईए) मार्गदर्शक सूचनांत लहान प्राण्यांना आठवडा ते महिनाभर वेगळं ठेवायला सांगितलंय. खोली नसेल तर स्टोअररूम रिकामी करा, पण हवा वेगळी, झाडू वेगळा, चपला वेगळ्या. एकाच पॅसेजमधला पडदा लावलेला कोपरा म्हणजे क्वारंटाईन नव्हे.

आणि पुरवठादाराकडे हेल्थ रिपोर्ट मागा. 'आमची जनावरं हेल्दी आहेत' हे वाक्य रिपोर्ट नसतो. कोणत्या जंतूंसाठी, कधी, किती जनावरं, कोणत्या पद्धतीने तपासली, ते कागदावर हवं.

प्रश्नचिन्ह
थोडं वेगळं बोलतो. मुळात हे प्रयोग करायचेच कशाला? बी.फार्म.ला आता फार्माकॉलॉजीची प्रॅक्टिकल्स सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवर होतात. भारतात २०२३ मध्ये औषध चाचण्यांचे नियम बदलून पेशी, ऑर्गन-ऑन-चिप (चिपवर वाढवलेलं अवयवाचं छोटं रूप) वगैरे पर्यायांना जागा दिली. आपण खोली धुवायच्या चर्चा करतोय, खोली बंद करायची का नाही?

सिन्नरकर
प्रश्नचिन्ह, तुमचा प्रश्न टाळत नाही. पण पर्याय पूर्ण येईपर्यंत जी जनावरं आत आहेत त्यांचं काय? आजारी कॉलनीतले (एकत्र ठेवलेल्या जनावरांच्या समूहातले) आकडे एकमेकांपासून फार लांब पसरतात. मग तेच उत्तर काढायला जास्त जनावरं लागतात, नाहीतर प्रयोग पुन्हा करावा लागतो. रोग बाहेर ठेवला की जनावरं कमी लागतात, हे मी दर वर्षी बघतो.

निवृत्त_गुरुजी
मी विज्ञानाचा माणूस नाही. शाळेत मराठी शिकवलं. नाशिकमधल्या एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर सामाजिक जाण असलेला बिगर-वैज्ञानिक सदस्य म्हणून बसतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९९८ चे नियम आले, त्यातून या कमिट्या आल्या आणि माझ्यासारख्या माणसाला त्या टेबलावर खुर्ची मिळाली.

प्रश्नचिन्ह यांचा प्रश्न मी प्रत्येक बैठकीत विचारतो आणि विचारत राहीन. पण सिन्नरकरांचं 'खोली रिकामी करा' वाचून मला क्षणभर थांबावंसं वाटलं. रिकामी करा म्हणजे त्या सगळ्या जिवांना मारा. तुमचं शास्त्र बरोबर असेल, पण तो निर्णय चार ओळींत होऊ नये. किती जनावरं, का, कोणत्या पद्धतीने, आणि ती मरायची वेळ कोणाच्या निर्णयामुळे आली, हे कमिटीच्या इतिवृत्तात यायला हवं. वेगळी खोली नसताना बॅच मागवली कोणी, हे ज्या कागदावर लिहिलं जाईल, त्या कागदामुळेच पुढच्या वर्षी खोली मिळेल.

सोनचाफाताई, तुमच्या लेखी आक्षेपाची प्रत कमिटीसमोर ठेवा.

पशुवैद्य_निफाड
गुरुजींना पूर्ण अनुमोदन. आणि हो, सगळ्याच वेळी मारावं लागत नाही. माऊस हेपॅटायटिस व्हायरसमध्ये, उंदरांची प्रतिकारशक्ती शाबूत असेल तर, कॉलनीत नवी जनावरं आणि प्रजनन दोन्ही सहा-आठ आठवडे थांबवलं की विषाणूला नवा यजमान मिळत नाही, साथ विझते. जनुक बदललेली, दुसरीकडे न मिळणारी जात असेल तर गर्भ काढून स्वच्छ मादीत रोपण करतात. मायकोप्लाझ्मा मात्र असा विझत नाही, तो चिकटून राहतो. म्हणून सिन्नरकर म्हणतात ते इथे लागू पडतं.

कोंबडीपालक_येवला
मी ब्रॉयलरवाला. तुमची भाषा ऐकून माझ्याच शेडची आठवण आली. आम्ही 'ऑल इन, ऑल आऊट' करतो: सगळी बॅच एकदम भरायची, एकदम काढायची, मधे शेड रिकामं. दारात फुटबाथ ठेवा भो, स्वस्तात काम होतं.

सिन्नरकर
दादा, फुटबाथवर माझा विश्वास कमी आहे. पावसाळ्यात बुटाला चिखल असतो, तो पाण्यात उतरला की औषध निकामी होतं. सेंद्रिय घाण असली की क्लोरीनचा जोर जातो. सकाळी भरलेला ट्रे दुपारी नुसतं गढूळ पाणी. त्यापेक्षा खोलीच्या आतल्या चपला आतच ठेवा, मधे एक बाक टाका, बाकावर बसून पाय वर घेऊन चपला बदला. खर्च शून्य.

कोंबडीपालक_येवला
चिखल आधी ब्रशने धुवायचा, मग ट्रेत पाय. आणि पाणी दिवसातून दोनदा बदलायचं. तेवढं करत नसाल तर ट्रे ठेवूच नका, हे मान्य. बाकाची युक्ती आवडली, शेडवर करतो.

इतिहासवेडा_पंचवटी
थोडं विषयांतर, चालेल का? गिनी पिगचा उल्लेख आला म्हणून. १८९६ पासून मुंबईत प्लेग पसरला, हाफकिनने १८९७ च्या सुरुवातीला लस केली ते सगळ्यांना माहीत आहे. पण पुढे १९०५ पासून प्लेग कमिशनने परळला जे काम केलं त्यात गिनी पिग प्लेगच्या घरांत मोकळे सोडले होते. उंदीर मेल्यावर भुकेल्या पिसवा त्यांच्या अंगावर चढायच्या. मग त्या वेचून तपासायच्या. उंदीर, पिसू, माणूस ही साखळी ठाम होण्यात त्या मुक्या जनावरांचा मोठा वाटा आहे.

मिसळप्रेमी_सातपूर
हे शाळेत का नाही शिकवलं? आता परळवरून जाताना गिनी पिगला नमस्कार करणार.

चिमणी_इंदिरानगर
मी अटेंडंट म्हणून काम केलंय, आता सोडलं. सगळे जनावरांच्या आजाराबद्दल बोलताहेत, माणसांच्याही बोला. मला सुरुवातीला शिंका, मग डोळे खाजणं, मग रात्री छातीत घरघर. डॉक्टरांनी शेवटी ॲलर्जी सांगितली. उंदराच्या लघवीतल्या प्रथिनांची असते म्हणे, नरांमध्ये जास्त. घाण बेडिंग केजमधून झटकून पोत्यात ओतताना जो धुरळा उडतो तो सरळ नाकात. आम्हाला कापडी मास्क दिला होता.

पशुवैद्य_निफाड
चिमणीताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. ही ॲलर्जी प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांमध्ये खूप आढळते आणि दुर्लक्ष केलं तर दमा होतो. एन-९५ मास्क, बेडिंग ओतण्याआधी हलकं ओलं करणं, एक्झॉस्ट असलेल्या जागी ओतणं, आणि शिंका सुरू झाल्या की लगेच काम बदलून देणं. शिवाय माणसाला होणारे रोगही आहेत: लेप्टो, हॅन्टा विषाणूचा ताप, उंदीर-हॅमस्टरमधला एलसीएमव्ही हा विषाणू. लॅबमधल्या रॅटकडून कामगारांना हॅन्टा झाल्याची उदाहरणं जपानमध्ये नोंदलेली आहेत. बाहेरचा एखादा उंदीर केजमधल्यांच्या संपर्कात आला तर जनावर आणि माणूस दोघांचा प्रश्न होतो.

मृण्मयी_गंगापूररोड
बेडिंगवरून विचारते. आमच्याकडे भाताचं तूस वापरतात, इगतपुरी भागातून स्वस्त येतं. काही जण मक्याच्या कणसाचा भरडा चांगला म्हणतात. फरक पडतो का?

सिन्नरकर
दोन्ही चालतात, पण गिरणीतून पोतं आलं की त्यात उंदराच्या लेंड्या असतातच. गिरणीत आणि कांद्याच्या चाळीत उंदीर नाहीत असं कोण म्हणेल? म्हणून बेडिंग ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक, करायचंच, १२१ अंश, आणि पोतं ठासून भरायचं नाही, नाहीतर मधला गाभा गार राहतो. इंडिकेटर पट्टी पोत्याच्या पोटात ठेवा, वर नको. ऑटोक्लेव्हनंतर ओलं राहिलं तर बुरशी. पावसाळ्यात नाशिकची हवा इतकी दमट की दोन दिवसांत वास येतो. देवदार-पाइनचा भुसा टाळा, त्यातल्या तेलांनी यकृतातली एन्झाइम्स बदलतात आणि औषधांच्या प्रयोगात गोंधळ होतो.

बेडिंगशी जोडलेली गोष्ट म्हणजे अमोनिया. ओल्या बेडिंगमधून अमोनिया वाढतो आणि त्याने मायकोप्लाझ्माचा आजार बळावतो, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. खोलीच्या दारात उभं राहून वास नाही म्हणू नका, केजचं झाकण उघडून रॅटच्या नाकाच्या उंचीवर वास घ्या. लाईट गेली आणि एक्झॉस्ट थांबला की तासाभरात फरक कळतो.

पशुवैद्य_निफाड
आणि थंडीतही तेच. डिसेंबर-जानेवारीत आमच्या निफाडचा पारा घसरला की लोक खिडक्या, एक्झॉस्ट सगळं बंद करतात. ऊब राहते आणि अमोनियाही राहतो. हवा तासाला १०-१५ वेळा बदलायला हवी, गरम करायची तर आत येणारी हवा गरम करा.

मृण्मयी_गंगापूररोड
अजून एक. गिनी पिगना आम्ही रोज बाजारातून कोबी-मेथी आणतो, क जीवनसत्त्वासाठी.

पशुवैद्य_निफाड
गिनी पिग माणसासारखाच क जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाही, त्यामुळे हेतू बरोबर. पण बाजारातल्या भाजीवर फवारणीचे अंश असतात, पक्ष्यांची-उंदरांची घाण असते, साल्मोनेला तिथूनच येतो. गिनी पिगचं ताजं बनवलेलं खाद्य आणा आणि पिशवीवरची तारीख बघा, क जीवनसत्त्व टिकत नाही, साधारण ९० दिवसांच्या आत संपवायचं. किंवा रोज ताज्या पाण्यात द्या. भाजी द्यायचीच तर नीट धुऊन.

आणि कृपा करून ससे आणि गिनी पिग एका खोलीत ठेवू नका. सशाच्या नाकात बोर्डेटेला हा जंतू मुकाट्याने राहतो, त्याला काही होत नाही, तोच गिनी पिगला न्यूमोनियाने मारतो. मग कोणी घाईने पेनिसिलिन टोचतं आणि उरलेले पोटाने मरतात, कारण गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरून क्लॉस्ट्रिडियम हा घातक जंतू माजतो.

सोनचाफा
बापरे. आमच्याकडे ससे आणि गिनी पिग एकाच खोलीत आहेत. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

सगळ्यांचे मनापासून आभार. आजची स्थिती सांगते. खोली बंद केली, दारावर मोठ्या अक्षरात कागद लावला. जबडे चाचपले, सूज नाही. कललेल्या मानेच्या रॅटचं आणि आणखी एकाचं शवविच्छेदन पशुवैद्यांकडून करून घेतलं. फुप्फुसाच्या कडेला करडे-लालसर कडक भाग, मधल्या कानात घट्ट पांढरट पू. स्वॅब गेले आहेत. नव्या बॅचबरोबर जुन्या बॅचचेही दिले.

डॉक्सीबद्दल गाइडशी बोलले. निफाडच्या डॉक्टरांचा मुद्दा जसाच्या तसा मांडला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि प्रयोग पुढे ढकलायला तयार झाले. त्या मुलीला रडू आलं, कारण तिचं सबमिशन जवळ आलंय. पण तिनेच नंतर विचारलं, 'मॅडम, नवीन रॅट आले की क्वारंटाईनमध्ये मी रोज वजनं घेऊ का?' तिला नोंदवहीच देऊन टाकली.

प्रश्न उरतो तो पुढच्या देखरेखीचा. आयव्हीसी, म्हणजे प्रत्येक केजला वेगळी गाळलेली हवा देणारे रॅक, परवडणार नाहीत. सेंटिनेल, म्हणजे खोलीत रोग आहे का हे कळावं म्हणून मुद्दाम ठेवलेली जनावरं, ठेवता येतील का? आमच्यासारख्या ठिकाणी ते कसं करतात?

सिन्नरकर
नक्की येतील. आयव्हीसी नाही म्हणून नाराज होऊ नका. लिस्बेथ क्राफ्टबाईंनी १९५८ मध्ये उंदराच्या पिल्लांच्या जुलाबावर काम करताना साध्या केजवर गाळणी लावली, आणि रोग एका केजमधून दुसऱ्या केजमध्ये जाणं कमी झालं. फिल्टर टॉप आजही त्याच तत्त्वावर चालतात. फक्त झाकण नेहमी एकाच स्वच्छ जागी उघडायचं आणि एका वेळी एकच केज. टॉपखाली अमोनिया आणि दमटपणा लवकर साचतो, म्हणून बेडिंग जास्त वेळा बदलावं लागेल, ते धरून चला.

सेंटिनेल म्हणून खात्रीच्या पुरवठादाराकडच्या दोन-तीन तरुण माद्या घ्या. दर वेळी केज बदलताना सगळ्या केजमधलं थोडं थोडं घाण बेडिंग त्यांच्या केजमध्ये टाका. तीन महिन्यांनी तपासणी. पण श्वासातून पसरणारे जंतू, सेंडाई विषाणू किंवा तुमचा हा मायकोप्लाझ्मा, घाण बेडिंगमधून नीट पोहोचत नाहीत. त्यासाठी सेंटिनेलचा केज एक्झॉस्टच्या बाजूला, विना-फिल्टर ठेवा, आणि मधूनमधून कॉलनीतल्याच एखाद्याचा स्वॅब घ्या.

जंतांसाठी तर पैसेही नकोत. पारदर्शक सेलोटेपचा तुकडा उंदराच्या गुदद्वाराशी हलकेच दाबायचा, काचपट्टीवर चिकटवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. सिफेशिया या जंताची अंडी एका बाजूने चपटी, केळ्याच्या आकाराची दिसतात. ॲस्पिक्युल्युरिस या दुसऱ्या जंताची मात्र टेपवर मिळत नाहीत, त्यासाठी लेंड्या तपासायच्या. अंडी सापडली तर फेनबेंडॅझोल हे जंतनाशक घातलेलं खाद्य देतात, पण ती धुळीत, रॅकवर, फॅनच्या पात्यांवर टिकतात. खोली धुतल्याशिवाय औषध फुकट.

निवृत्त_गुरुजी
त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. नोंदवहीची प्रत कमिटीला दाखवा, आवडेल बघायला.

प्रश्नचिन्ह
माझा मूळ आक्षेप कायम आहे. पण निदान ती जनावरं आजारात कुजत प्रयोगाला लागणार नाहीत, याचं समाधान आहे. त्या अर्काची आधी पेशींवर चाचणी झाली आहे का, एवढं विचाराल? झाली नसेल तर आता वेळ मिळालाच आहे.

सोनचाफा
विचारते, चांगली सूचना आहे. गुरुजी, वही आणि आक्षेपाची प्रत दोन्ही पुढच्या बैठकीत ठेवते.

एक राहिलं: खोलीच्या मागे नाला आहे, पावसात घुशी वर येतात. विषाच्या गोळ्या टाकू का?

पशुवैद्य_निफाड
आत विष नको. मेलेली घूस भिंतीत सडते, पिसवा तिला सोडून दुसरीकडे निघतात, आणि गोळी चुकून खाद्याच्या गोदामात गेली तर वेगळंच संकट. दाराखालची फट बोटभर असेल तर पत्र्याची पट्टी मारा, ड्रेनला बारीक जाळी, खाद्याची पोती जमिनीपासून आणि भिंतीपासून वीतभर लांब फळीवर. बाहेरच्या बाजूने पिंजरे लावा आणि रोज सकाळी बघा. एखादी जिवंत सापडली तर पिंजरा उचलून आत अजिबात आणू नका. हातमोजे घालून बाहेरच विल्हेवाट. पीसीआरचा रिपोर्ट आला की इथेच टाका, मग खोली कशाने धुवायची ते ठरवू. नुसतं फिनाइल आणून ठेवू नका.